बस्त्यावच्या दारापर्यंत

"संघातनं नाव काढायचं तर आधी त्याच्या घरी जावं लागंल," ब्रदर सिप्रियन म्हणाले.

"मग जा ना तुम्ही," मी म्हटलं. "तुम्ही तर जाताच त्याच्याकडं."

"मी जाऊन भागत न्हाई. सेविकेनं जायचं असतं. नियम तसा हाय."

चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही गोल करून बसलो होतो. सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या. म्हातारा जुराव उगाच खोकला. बाहेर कुणीतरी बर्फाची गाडी मागं घेत होतं.

सेविका मीच होते. आणि ज्याचं नाव काढायचं होतं तो बस्त्याव नाखवा. आदल्या वर्षी त्याच्याच बोटीवरून माझा एकुलता एक मुलगा जेरोम, आमचा जेरू, दर्यात गेला आणि ताडपत्रीत गुंडाळून परत आला.

तीसेक वर्षं झाली या गोष्टीला. आमचं वेलखाडी बंदर तेव्हा लहान होतं. आम्ही आपसात आमच्या कोळी बोलीत बोलायचो. ती सगळ्यांना कळायची नाही, म्हणून मी इथं सरळ मराठीत सांगते.

संघ म्हणजे संत फ्रान्सिसचा संघ. मठात न जाता, संसारात राहून, मासळी विकून, पोरं वाढवून त्या संताच्या वाटेनं चालायचं असं वचन दिलेली आम्ही माणसं. गळ्यात इंग्रजी टीसारखा लाकडी क्रूस. महिन्यातून एकदा जमायचं, बायबल वाचायचं, आजाऱ्याच्या घरी कोण जाणार ते ठरवायचं, आणि उठताना एकमेकांचा हात हातात घेऊन 'शांती असो' म्हणायचं. असे संघ जगभर आहेत म्हणे. संघाचा कारभार संघातलीच माणसं चालवतात. त्यांनी निवडलेला पुढारी, त्याला पुढारी नाही म्हणायचं, सेवक म्हणायचं. आणि प्रत्येक संघाला मठातला एक जण सोबतीला दिलेला असतो, त्याला म्हणतात आध्यात्मिक सहायक.

आमच्याकडं आधी एक फादर यायचे. मोठा आवाज, मोठी दाढी. सगळं तेच ठरवायचे आणि आम्ही मान डोलवायचो, बरं चाललं होतं. त्यांची बदली झाली आणि मठानं ब्रदर सिप्रियन खरातांना पाठवलं. ब्रदर म्हणजे संन्यासी, पण फादर नव्हे. त्यांना मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, करता येत नव्हता, पापनिवेदन, म्हणजे आमचं कुमसार, ऐकता येत नव्हतं. जुराव तर तोंडावर म्हणाला, "मिस्सा नाही, कुमसार नाही, मग तुमचा उपयोग काय?"

ब्रदरांनी विचार केला. म्हणाले, "ते मलाबी अजून नीट कळलं न्हाई."

ते नगरकडचे, शेवगावजवळच्या कुठल्याशा कोरड्या गावातले. समुद्राचा त्यांना काही गंध नव्हता. होता तो फक्त सुक्या मासळीचा, आणि तोही सोसवत नसे. पहिल्या दिवशी बंदरावर उतरले तेव्हा तपकिरी झग्याची बाही नाकाला लावून चालले होते.

जेरू गेला तो ब्रदर आल्यानंतर थोड्याच दिवसांनी. मातीला ते होते. त्यानंतर दर महिन्याला, संघाच्या बैठकीच्या दिवशी, ते सकाळच्याच एसटीनं यायचे आणि माझ्या अंगणात येऊन बसायचे. मी वलांडीवर, म्हणजे आडव्या बांधलेल्या बांबूंवर, बोंबील घालत असे. बोंबील वाळत घालायचे म्हणजे दोघांचे जबडे एकमेकांत अडकवायचे नि जोडी बांबूवर टाकायची. ब्रदर मदत करायला उठत. त्यांच्या हातची जोडी टिकायची नाही, वाळूत पडायची. ते उचलून धुऊन पुन्हा अडकवायचे. देवाची इच्छा, स्वर्गातली भेट, असलं एक अक्षर त्यांनी माझ्यापुढं कधी काढलं नाही. बाकी सगळं गाव तेच बोलत होतं.

मग मला कळलं की माझ्याकडून उठून ते बस्त्यावकडंही जातात.

"जाता?" मी विचारलं.

"जातो."

"काय करता तिथं?"

"बसतो. हितं बसतो तसाच."

"मग इथं येऊ नका," मी म्हटलं. "दोन्हीकडं बसणाऱ्याला माझ्या अंगणात जागा नाही."

त्यांनी हातातला बोंबील खाली ठेवला आणि गेले. पुढच्या महिन्यात पुन्हा आले. फक्त अंगणात आले नाहीत, कुंपणाबाहेर रस्त्यावर उभे राहिले. उन्हात घामाघूम. शेवटी मीच म्हटलं, "या आत, लोक बघतात."

बस्त्याव मात्र जेरू गेल्यापासून संघात फिरकला नव्हता. पूर्वी गाणी तोच उचलायचा. त्याचा आवाज भरदार होता, वाऱ्यात ओरडून ओरडून झालेला. तो नसल्यावर आमचं गाणं कुणी वर लावी, कुणी खाली. तरी मी त्याचं नाव तोंडून काढलं नाही. आणि वर्ष झालं तेव्हा मीच बैठकीत म्हटलं की जो वर्षभर न कळवता येत नाही त्याला संघात ठेवायचा नाही, असा नियम आहे, तर तो पाळू या.

नियम होताच. पण त्याच्याच पुढं दुसरी ओळ होती, ती ब्रदरांनी सांगितली. नाव काढण्याआधी सेवकानं त्याच्या घरी जाऊन, समोर बसून त्याला विचारायचं.

"समोर बसून?" मी म्हटलं.

"तसं लिहिलंय."

"मला जमायचं नाही."

"मग ऱ्हाऊ द्या. नावबी ऱ्हाऊ द्या."

हेही मला नको होतं. त्याचं नाव आमच्या यादीत होतं, दर बैठकीला हजेरी घेताना ते वाचावं लागे आणि माझी जीभ अडखळे. मला ते काढून टाकायचं होतं. मी विचारलं, "तुम्ही सोबत याल?"

"सोबत येतो की," ब्रदर म्हणाले. "त्येवढंच तर येतं मला."

*

बैठक आटोपून दुपारी आम्ही दोघं निघालो. ओहोटी होती, होड्या चिखलात कलंडल्या होत्या. बस्त्यावचं घर बंदराच्या दुसऱ्या टोकाला. रस्त्यात बायका जवळा वाळायला पसरत होत्या, त्या हात थांबवून आमच्याकडं बघू लागल्या. मी काय बोलायचं ते मनात घोकत होते. बस्त्याव, तू वर्षभर आला नाहीस, संघात राहायचं आहे की नाही? तो बोलेल ते ऐकायचं आणि उठायचं. पाणीसुद्धा प्यायचं नाही.

दाराशी ब्रदर थांबले.

"चला ना," मी म्हटलं.

"मी हितं हाय. ओट्यावर."

"सोबत येतो म्हणालात!"

"आलो की. दारापातूर." आणि ते खरंच झगा सावरून ओट्यावर बसले. मला त्यांचा एवढा राग आला की त्या रागातच मी उंबरा ओलांडला.

बस्त्यावची बायको कोंसू सुपात करंदी, बारकी कोळंबी, निवडत होती. मला बघून सूप तिच्या मांडीवरून कलंडलं. ती उठून आत गेली. बस्त्याव भिंतीला टेकून जाळं शिवत होता. तो उठायला गेला, गुडघा धरून पुन्हा बसला. वर्षभरात माणूस अर्धा झाला होता. आम्ही एका वयाचे, एकाच आळीत वाढलेले. लहानपणी याच बंदरावर खेकडे पकडले होते आम्ही.

मी घोकलेलं वाक्य म्हटलं.

"काढ नाव," तो म्हणाला.

झालं होतं माझं काम. मी उठायला हवं होतं. पण इतक्या सहज तो 'काढ' म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. मी विचारलं, "का? एवढी वर्षं वचन पाळलंस. एकदा येऊन सांगावंसंही वाटलं नाही?"

त्यानं जाळ्याची सुई खाली ठेवली. "शेवटी शांती द्यायची असते, रेजिन. हात पुढं करायचा असतो. तुझ्यापुढं कुठला हात करू?"

मी उठायला पदर सावरला.

"मीच उतरवला त्याला," तो म्हणाला.

"लोक म्हणतात तो आपणहून उतरला. तू नको म्हणत होतास, त्यानं ऐकलं नाही."

"लोक तुला बरं वाटावं म्हणून म्हणतात. माझे खलाशीसुद्धा तसंच सांगतात. मी त्यांना म्हटलं, तिला खोटं सांगू नका. ऐकलं नाही कुणी." त्याचा आवाज तोच होता, गाणी उचलणारा, पण आता त्यात वारा उरला नव्हता. "जाळं बोटीच्या पंख्यात अडकलं होतं. नेहमी मी उतरतो. त्या दिवशी गुडघा सुजला होता. मी म्हटलं, जेरू, तू उतर. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, पाण्याकडं एकदा बघितलं. म्हणाला, पाण्याला ओढ आहे, मामा. मी म्हटलं, अरे दोन मिनिटांचं काम. तेव्हा तो सुरी दातात धरून उतरला. एकदा वर आला, श्वास घेतला, पुन्हा खाली गेला. तेवढ्यात बोट फिरली. मग मी उडी मारली. गुडघ्यासकट मारली. उशीर झाला होता."

मी उठले ते मला आठवत नाही. मी त्याच्या खांद्यावर, छातीवर मारत होते एवढं आठवतं. "ओढ आहे म्हणाला होता ना तो! म्हणाला होता ना!" असं काहीतरी ओरडत होते. त्यानं हात वर केला नाही. जाळं आम्हा दोघांच्या पायांत गुंतलं होतं. कोंसू आतल्या दाराशी येऊन उभी राहिली, तिनंही मला धरलं नाही. बाहेर ब्रदर होते. त्यांना सगळं ऐकू जात असणार. तेही आत आले नाहीत.

हात थकले तेव्हा मी तिथंच, जाळ्यावर बसले.

मग माझ्या तोंडून एक प्रश्न आला. तो मी वर्षभर कुणालाही विचारला नव्हता.

"खाल्लं होतं का त्यानं? डबा तर घरीच राहिला होता."

त्या पहाटे भरती कुणासाठी थांबणार नव्हती म्हणून जेरू धावत गेला होता, आणि डबा फळीवरच राहिला. मी डबा घेऊन बंदरावर पोचले तेव्हा बोट खाडीबाहेर गेली होती. त्या डब्यातलं अन्न मी चार दिवस टाकलं नाही. माझा पोर उपाशी गेला, हेच मनात होतं. मातीच्या वेळी, मिस्साच्या वेळी, बोंबील घालताना, एकच. उपाशी गेला.

बस्त्यावनं मान वर केली. "खाल्लं तर! माझ्या डब्यातलं. बांगड्याचं कालवण होतं."

"किती खाल्लं?"

"तीन भाकऱ्यांतल्या दोन त्यानं आणि एक मी. म्हणाला, मामा, तुमच्या घरचं कालवण गोडं असतं, आमची आई मिरची घालते ती सरळ डोळ्यांतून बाहेर येते. मी म्हटलं, मग नको खाऊस. तर म्हणाला, गोडं आहे म्हणून सोडतोय थोडंच!"

"डबा पुसून घेतला होता," दारातून कोंसू म्हणाली. रडत होती ती. "परत आला तेव्हा धुवायचीसुद्धा गरज नव्हती."

मी हसले. खरंच हसले. असं बोलणं त्याचंच होतं, दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. हसता हसता मग जे रडू आलं ते मातीच्या दिवशीही आलं नव्हतं.

"अजून सांग," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"सगळं. खाडीतून बाहेर पडलात तिथपासून."

आणि बस्त्याव सांगू लागला. जेरू बोटीच्या वरच्या अंगाला डोक्यावर पंचा घेऊन झोपला. उठवल्यावर शिव्या देत उठला. डिझेलचा वास लागला की शिंकायचा, त्या दिवशी इतका शिंकला की खलाशी मोजायला लागले. पापलेटांची एक जोडी बाजूला काढून म्हणाला, ही विकायची नाही, ही आईला. एका वर्षात मला कुणी यातलं काही सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? माझ्या मुलाचा शेवटचा दिवस त्या माणसाकडं होता, आणि मी त्याचंच नाव काढायला आले होते.

कोंसूनं चहा ठेवला. मी प्यायले.

क्षमा हा शब्द त्या घरात कुणी काढला नाही. तो उतर म्हणाला होता. ते तसंच राहिलं, आजही आहे. पण निघताना मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात ये. हजेरीत तुझं नाव मी वाचणार आहे."

*

बाहेर ब्रदर ओट्यावरच होते. शेजारच्या बायकांनी त्यांच्यापुढं जवळ्याचं टोपलं ठेवलं होतं आणि ते त्यातला कचरा निवडत होते, म्हणजे कचरा ठेवून जवळा टाकत होते. पोरं हसत होती. मला बघून ते उठले. माझ्या चेहऱ्याकडं त्यांनी बघितलं आणि चालायला लागले.

अर्ध्या रस्त्यात मीच विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"त्यानं उतर म्हटलं तेही?"

"त्येबी. जेवला होता त्येबी. तुमच्या डब्याचं मात्र मला ठावं नव्हतं."

"मग मला सांगितलं का नाही? वर्षभर माझ्या अंगणात बसलात!"

ते थांबले. खाडीत पाणी चढायला लागलं होतं, चिखलातल्या होड्या एकेक करून हलत होत्या.

"रेजिनबाई, हितं यायच्या आधी मी आफ्रिकेत होतो, ठावं हाय ना तुम्हास्नी? तिथं एका मोठ्या तळ्याकाठी असाच संघ होता. समदे मासे धरणारे. असंच गोल बसायचं, असंच शेवटाला हात धरायचं. त्यातल्या दोघांचं वाकडं आलं. सख्खे शेजारी. मग ह्याचं म्हणणं मी त्याला सांगायचो, त्याचं ह्याला. गोड करून सांगायचो. मला वाटायचं, सहायक म्हंजे ह्येच. पाच वर्षं दोघं माझ्यामार्फत बोलले. मग माझी बदली झाली. सामान गाडीत टाकलं, निरोप द्यायला दोघंबी आले, आणि गाडीच्या दोन बाजूंना उभे ऱ्हायले. एकमेकांशी बोलायचं कसं त्येच त्यांना ठावं नव्हतं. मधी मी बसलो होतो ना." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "माझी हितलीबी बदली व्हणारच हाय. आमचं तसंच असतं."

आम्ही थांब्यावर पोचलो. एसटी लागलेली होती. ते चढले, खिडकीशी बसले, आणि गाडी सुटल्यावर त्यांनी बाही नाकाला लावली, ती मी पाहिली.

*

पुढच्या बैठकीला बस्त्याव आला. दाराजवळ बसला. हजेरी घेताना मी त्याचं नाव वाचलं आणि तो "आहे" म्हणाला. त्या दिवशी त्यानं गाणं उचललं नाही. शांतीची वेळ झाली तेव्हा कुणी जागचं हलेना. मी उठून दारापाशी गेले. त्याचा हात गार होता. माझाही असेल.

दोन वर्षांनी ब्रदर सिप्रियनांची बदली झाली, ओरिसाकडं कुठंतरी. तिथल्या संघालाही ते सुरुवातीला नकोच असणार. त्यानंतर आमच्याकडं तीन सहायक आले, दोन फादर होते, एक ब्रदर. चांगले होते सगळे. पण जुराव मरेपर्यंत विचारत राहिला, "आपला तो शेवगाववाला कसा आहे?"

बस्त्याव आणि मी पुढं पुष्कळ वर्षं त्या खोलीत बसलो. बैठक संपली की तो मला गाठायचा. "रेजिन, एक आठवलं." कधी इतकंच की त्या सकाळी जेरूनं शर्ट उलटा घातला होता. कधी आदल्या हंगामातलं, कधी त्याहून मागचं, जेरू पहिल्यांदा बोटीवर आला आणि ओकला ते. आठवेल तसं तो आणून देई. मी घरी नेई.

शेवटच्या वर्षी त्याला चालवत नव्हतं, मग मीच त्याच्याकडं जायला लागले. एके दिवशी तो खूप वेळ छताकडं बघत पडला होता. म्हणाला, "संपलं गं. माझ्याकडं आता नवीन काही उरलं नाही. जे होतं ते सगळं तुला दिलं."

"मग पुन्हा सांग," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

त्यानं कोंसूला उशी उंच करायला सांगितली. घसा साफ केला.

"वारा पडलेला होता," बस्त्याव म्हणाला. "आणि जेरू धावत आला."